घोषणा नागपुरात, वाट पाहणं गोंदियात : सरकारी पैशाला मंजुरी मिळते तरी कशी?

डिसेंबर आला की गोंदिया जिल्ह्यात एकच प्रश्न कानावर पडतो, यंदा धानाला बोनस किती? तिकडे नागपूरला हिवाळी अधिवेशन सुरू असतं आणि इकडे अर्जुनी मोरगावपासून सालेकशापर्यंत धान खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा लागलेल्या असतात. मग एके दिवशी सभागृहात घोषणा होते, मोबाईलवर बातमी फिरते, फटाकेही फुटतात. त्यानंतर मात्र आठवडे जातात, कधी महिने जातात आणि लोक बँकेत पासबुक भरून पाहत राहतात. "मुख्यमंत्र्यांनी सांगितलं ना, मग पैसे अडले कुठे?" हा प्रश्न शेतकऱ्यालाही पडतो आणि शेतकऱ्याच्या हातातल्या पैशावर दुकान चालवणाऱ्यालाही.

हाच प्रश्न आपल्या मोहल्ल्यांतही वेगळ्या रूपात विचारला जातो. मदरशातल्या शिक्षकांचं मानधन वाढलं म्हणे, मग हातात का येत नाही? मौलाना आझाद महामंडळाचं भांडवल वाढलं म्हणे, मग कर्ज का मिळत नाही?

उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. घोषणा म्हणजे मंजुरी नव्हे, आणि मंजुरी म्हणजे वितरण नव्हे. या तीन पायऱ्यांच्या मध्ये काय घडतं, खर्चाची विधेयकं कोण तपासतं आणि सामान्य माणसाला त्यात कुठे बोलता येतं, हे आम्ही या लेखात सोप्या भाषेत मांडत आहोत.

'वित्त समिती' आपल्याकडे आहे का?

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत खर्चाशी संबंध असलेलं विधेयक आधी कायदेमंडळाच्या वित्त समितीपुढे जातं. तिथे सुनावणी होते, अधिकारी उत्तरं देतात, नागरिकही बोलतात. समितीला पटलं तरच विधेयक पुढे सरकतं.

आपल्या जिल्हा परिषदेत 'अर्थ समिती' असते, तिचे सभापती असतात, त्यामुळे मुंबईतल्या विधिमंडळातही तशीच एखादी समिती असेल असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात महाराष्ट्र विधिमंडळात प्रत्येक विधेयकाचा खर्च तपासून त्याला हिरवा किंवा लाल कंदील दाखवणारी एकच वित्त समिती नाही. हे काम तुकड्या-तुकड्यांत वाटलेलं आहे. काही तपासणी विधेयक सभागृहात येण्याआधी मंत्रालयात होते, काही सभागृहात होते आणि काही पैसे खर्च झाल्यानंतर विधिमंडळाच्या समित्यांमध्ये होते. त्यामुळे "कोणी अडवलं?" हे शोधायचं असेल तर आधी आपलं काम कोणत्या टप्प्यावर आहे ते ओळखावं लागतं.

सभागृहात येण्याआधी

एखाद्या विभागाला नवा कायदा करायचा असेल तर प्रस्ताव आधी वित्त विभागाकडे जातो. खर्च किती, दरवर्षी किती, पदं किती लागतील, पैसा कोणत्या लेखाशीर्षातून येणार, हे तिथे विचारलं जातं. विधी व न्याय विभाग मसुदा तपासतो. मग मंत्रिमंडळाची मान्यता मिळते.

विधेयकाची छापील प्रत हातात आली तर शेवटची पानं आधी उघडा, असं आम्ही सुचवू. तिथे 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं, म्हणजे हा कायदा कशासाठी हे सरकारच्या शब्दांत. आणि खर्च होणार असेल तर 'वित्तीय ज्ञापन' असतं. राज्याच्या तिजोरीवर किती बोजा पडेल याचा अंदाज त्यात द्यायचा असतो. कधी त्यात नेमके आकडे असतात, कधी "आता नेमका अंदाज देणं शक्य नाही" अशा अर्थाचं वाक्य असतं. ते वाक्य दिसलं की समजावं, कायदा येतोय पण पैशाचं गणित अजून पूर्ण झालेलं नाही.

यात राज्यघटनेची एक अट आहे. अनुच्छेद २०७ प्रमाणे राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च करायला लावणारं विधेयक राज्यपालांनी विचारार्थ शिफारस केल्याशिवाय सभागृहाला मंजूर करता येत नाही. राज्यपाल इथे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की विरोधी बाकावरचा, किंवा सत्ताधारी पक्षाचाही, साधा आमदार खर्चाचं अशासकीय विधेयक आणू पाहील तर सरकारच्या संमतीशिवाय ते फार पुढे जाणार नाही. "आमच्या आमदाराने विधेयक मांडलं" अशी बातमी वाचताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

सभागृहात काय होतं?

विधेयक मांडलं जातं, त्यावर चर्चा होते, मग कलमवार विचार होतो, सुधारणा सुचवल्या जातात आणि शेवटी मतदान होतं. कोणत्या विधेयकाला किती वेळ द्यायचा हे कामकाज सल्लागार समिती ठरवते. या समितीकडे लोकांचं फारसं लक्ष जात नाही, पण एखाद्या विधेयकावर चार तास बोललं जाणार की दहा मिनिटं, हे तिथे ठरतं.

विधेयक समितीकडे पाठवायचं की नाही हा निर्णय सभागृहाचा असतो. बहुतेक विधेयकं समितीकडे न जाताच मंजूर होतात. गेली तर दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे किंवा प्रवर समितीकडे जातात. ताजं उदाहरण महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाचं. डिसेंबर २०२४ मध्ये ते मांडलं गेलं, महसूल मंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेलं, समितीकडे नागरिक आणि संघटनांकडून बारा हजारांहून जास्त सूचना आल्या आणि काही बदलांसह ते जुलै २०२५ मध्ये मंजूर झालं. विधेयकाबद्दल मतं वेगवेगळी असतील, पण समितीचा दरवाजा उघडला की सामान्य माणसाला लेखी बोलता येतं, एवढं यातून दिसलं.

याच्या उलट उदाहरणही आठवतं. ऑगस्ट २०१६ मध्ये आमदारांच्या वेतन-भत्त्यांत मोठी वाढ करणारं विधेयक चर्चेविना मंजूर झालं होतं. म्हणजे खर्चाचं विधेयक आहे म्हणून ते सावकाश तपासलं जाईलच असं नाही. इच्छा असली की गाडी वेगाने धावते.

आमदार खर्च वाढवू शकतात का?

अर्थसंकल्पाची वाट वेगळी आहे. सरकार वर्षाचा अंदाज मांडतं, मग प्रत्येक विभागाच्या 'अनुदानाच्या मागण्या' विधानसभेपुढे येतात. विधानसभा मागणी मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा कपात सूचना आणून कमी करू शकते. वाढवू मात्र शकत नाही. आमदाराने भाषणात कितीही जोर लावला तरी "या विभागाला शंभर कोटी जास्त द्या" असं मतदानाने होत नाही, तो प्रस्ताव सरकारकडूनच यावा लागतो. म्हणून निवेदन घेऊन जायचं तर अर्थसंकल्प मांडला जाण्याच्या कितीतरी आधी, विभाग आपले प्रस्ताव तयार करत असतात तेव्हा गेलं पाहिजे. मार्चमध्ये मोर्चा काढून त्या वर्षाचा आकडा हलवणं फार कठीण असतं.

मागण्यांवर बोलायला दिवस ठरलेले असतात. वेळ संपली की राहिलेल्या सगळ्या मागण्या चर्चेशिवाय एकदम मताला टाकल्या जातात. याला संसदीय भाषेत 'गिलोटिन' म्हणतात. ज्या विभागाचा नंबर शेवटी, त्याच्या कोट्यवधींवर कधीकधी एक शब्दही बोलला जात नाही.

मागण्या मान्य झाल्या की विनियोजन विधेयक येतं. ते मंजूर होऊन राज्यपालांची सही झाल्यावरच तिजोरीतून पैसा काढायचा कायदेशीर अधिकार सरकारला मिळतो. हे धन विधेयक असतं. ते फक्त विधानसभेत मांडता येतं. विधान परिषदेला त्यावर चौदा दिवसांत शिफारशी करता येतात, त्या स्वीकारायच्या की नाही हे विधानसभा ठरवते. चौदा दिवस उलटले तर दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं असं धरलं जातं. साधं विधेयक मात्र परिषद पहिल्या वेळी तीन महिने आणि दुसऱ्या वेळी एक महिना रोखू शकते. थोडक्यात, पैशाच्या बाबतीत शेवटचा शब्द विधानसभेचा. गोंदिया जिल्ह्यातून विधानसभेवर चार जण निवडून जातात, गोंदिया, तिरोडा, आमगाव आणि अर्जुनी मोरगाव या मतदारसंघांतून. पैशाचा जाब विचारायचा तर आधी त्यांनाच.

केरळमध्ये १९८० पासून आमदारांच्या विषय समित्या आहेत आणि विभागांच्या मागण्या त्या समित्यांमध्ये बारकाईने पाहिल्या जातात. संसदेतही १९९३ पासून विभागवार स्थायी समित्या आहेत. आपल्याकडे ही पद्धत रुजलेली नाही. मागण्यांची छाननी मुख्यतः सभागृहातल्या भाषणांवर सोडलेली आहे. ही उणीव आहे असं आम्हाला वाटतं, कारण सभागृहातल्या भाषणात अधिकाऱ्याला समोर बसवून "हा आकडा कुठून आला?" असं विचारता येत नाही.

धानाचा बोनस : एक घोषणा कुठून कुठे जाते

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे येऊ. २०२०-२१ च्या हंगामात धानाला क्विंटलमागे ७०० रुपये बोनस होता. डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी पद्धतच बदलली आणि हेक्टरी १५ हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, अशी घोषणा केली. डिसेंबर २०२३ मध्ये ही रक्कम हेक्टरी २० हजार झाली. म्हणजे एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त ४० हजार.

क्विंटलवरून हेक्टरवर येण्यात हिशेबाचा मोठा फरक आहे. क्विंटलमागे बोनस असेल तर खरेदी संपेपर्यंत एकूण खर्च किती होणार हे नक्की सांगता येत नाही. एकाच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचं धान विकण्याचा मोहही वाढतो. हेक्टरी रक्कम ठरली की नोंदणी झालेल्या क्षेत्रावरून आकडा काढता येतो. समजा एक लाख हेक्टर नोंदलं गेलं, तर हेक्टरी २० हजाराने २०० कोटी झाले. तिजोरी सांभाळणाऱ्याला हा हिशेब सोपा. पण जो ठेक्याने किंवा बटईने दुसऱ्याची बांधी कसतो, त्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं. त्याच्यासाठी हीच पद्धत अवघड ठरते. खर्च मोजायची पद्धत ठरते तेव्हाच लाभ कोणाला पोचणार तेही बरंचसं ठरून जातं, ते असं.

आता घोषणेनंतरचा रस्ता. मार्चमध्ये मंजूर झालेल्या अर्थसंकल्पात या रकमेची पुरेशी तरतूद नसेल तर 'पुरवणी मागणी' आणावी लागते. डिसेंबर २०२२ च्या अधिवेशनात सरकारने ५२ हजार कोटींहून जास्त रकमेच्या पुरवणी मागण्या मांडल्या, डिसेंबर २०२३ मध्ये ५५ हजार कोटींहून जास्त. जुलै २०२४ मध्ये तर हा आकडा ९४ हजार कोटींच्या वर गेला, त्यात नव्याने आलेल्या लाडकी बहीण योजनेमुळे महिला व बालविकास विभागाचा वाटा मोठा होता. एवढ्या मोठ्या गठ्ठ्यात आपल्या जिल्ह्याचा विषय एका ओळीत बसलेला असतो. ती ओळ आहे की नाही, हे पाहणं महत्त्वाचं.

इथे एक चूक खूप जण करतात. धान म्हणजे शेती, म्हणून ते कृषी विभागाच्या पानांत शोधतात. प्रत्यक्षात आधारभूत खरेदी आणि हा बोनस अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभागाकडे आहे. खरेदीचं काम पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळ करतात. त्यामुळे धानाचे चुकारे अडले तर दार कोणाचं ठोठवायचं हे आधी माहीत हवं.

पुरवणी मागणी मंजूर झाली, विनियोजन विधेयकही झालं, तरी शासन निर्णय निघावा लागतो. त्या निर्णयाच्या शेवटी बारीक अक्षरात "वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक" असा उल्लेख असतो. याचा अर्थ वित्त विभागाने सहमती दिली. मग निधी वितरणाचा आदेश, मग याद्यांची पडताळणी, मग खात्यात रक्कम. नाव चुकलं, आधार जोडलेलं नाही, बँक खातं बंद पडलेलं, यांतल्या एका कारणानेही शेवटच्या पायरीवर गाडी थांबते.

मंजूर झालेलं सगळं रोख नसतं

१० ऑक्टोबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेतल्या डी.एड. शिक्षकांचं मानधन ६ हजारांवरून १६ हजार आणि बी.एड. शिक्षकांचं ८ हजारांवरून १८ हजार करण्याचा निर्णय घेतला. त्याच दिवशी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं भागभांडवल ७०० कोटींवरून १००० कोटी करण्यालाही मान्यता दिली.

दोन्ही निर्णय स्वागताचे. पण दोघांचा स्वभाव वेगळा आहे. मानधन हा दरवर्षीचा खर्च, म्हणून दर अर्थसंकल्पात त्याची तरतूद दिसली पाहिजे, आणि वाढलेल्या दराने दिसली पाहिजे. भागभांडवलाची वाढ म्हणजे मर्यादेची वाढ. ३०० कोटी त्या दिवशी महामंडळाच्या खात्यात पडले असा त्याचा अर्थ होत नाही. ते पैसे पुढच्या वर्षांत हप्त्याहप्त्याने तरतूद करून यावे लागतात. "हजार कोटी आले, मग मला दोन लाखाचं कर्ज का नाही?" असा राग महामंडळाच्या जिल्हा कार्यालयातल्या कारकुनावर काढून उपयोग नाही. विचारायचं ते असं, या वर्षी भागभांडवलापोटी किती तरतूद झाली आणि त्यातली किती सोडली?

वितरणाचा आदेशही दगडावरची रेघ नसते. २८ नोव्हेंबर २०२४ रोजी राज्य वक्फ मंडळाला १० कोटी रुपये देण्याचा शासन निर्णय निघाला आणि लगेच मागे घेतला गेला. तेव्हा निवडणूक होऊन गेली होती आणि काळजीवाहू सरकार होतं. कागदावरची तरतूद आणि हातातला पैसा यांत किती अंतर असू शकतं, ते त्या दोन दिवसांत सगळ्यांनी पाहिलं.

खर्च झाल्यावर विचारणारे

विधिमंडळाच्या ज्या समित्यांना खऱ्या अर्थाने वित्तीय समित्या म्हणतात त्या तीन. लोकलेखा समिती भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे, म्हणजे कॅगचे, अहवाल हाती घेऊन झालेला खर्च तपासते. अंदाज समिती विभागांचे अंदाज आणि काटकसर पाहते. सार्वजनिक उपक्रम समिती सरकारी महामंडळांचा कारभार तपासते. दोन्ही सभागृहांचे सदस्य यांत असतात, मंत्री नसतात. सचिवांना बोलावून साक्ष घेतली जाते, जिल्ह्यांचे दौरे होतात. पंचायती राज समिती जिल्हा परिषदेत आली की कार्यालयात कशी धावपळ उडते, ते गोंदियाकरांना सांगायला नको.

या समित्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, पण सरकारला काय कारवाई केली ते कळवावं लागतं. आणखी एक समिती आपल्या कामाची आहे, आश्वासन समिती. मंत्र्याने सभागृहात "करू", "देऊ", "चौकशी करू" म्हटलं आणि ते आश्वासन म्हणून नोंदलं गेलं, तर ते पाळलं का याचा पाठपुरावा ही समिती करते. सभेतल्या भाषणाला ही कसोटी नाही, सभागृहातल्या शब्दाला आहे. म्हणून आपल्या आमदाराला केवळ निवेदन देण्यापेक्षा "हा प्रश्न सभागृहात विचारा आणि उत्तर नोंदवून घ्या" असं सांगणं जास्त कामाचं. विनंती अर्ज समितीही आहे, नागरिकांचा अर्ज आमदारामार्फत तिच्यापुढे जाऊ शकतो.

पाच प्रश्न लिहून ठेवा

कोणतीही घोषणा ऐकली की हे पाच प्रश्न विचारा.

१. हा विषय कोणत्या विभागाचा आणि लेखाशीर्ष कोणतं?
२. तरतूद मूळ अर्थसंकल्पात आहे की पुरवणी मागणीत येणार आहे?
३. शासन निर्णय निघाला का? त्यात वित्त विभागाची सहमती नमूद आहे का?
४. मंजूर रकमेपैकी किती वितरित झाली?
५. जिल्ह्यातल्या कोणत्या अधिकाऱ्याकडे ती आली आणि किती खर्च झाली?

यांतली बरीच उत्तरं घरबसल्या मिळतात. शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर तारखेनुसार सापडतात. तरतूद आणि वितरणाचे आकडे राज्याच्या 'बीम्स' या संगणक प्रणालीवर पाहता येतात. जे मिळत नाही त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज आहे. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जात "बोनस का दिला नाही?" असं लिहू नका, कारण 'का' हा वाद होतो. "अमुक लेखाशीर्षाखाली अमुक वर्षी गोंदिया जिल्ह्याला किती निधी वितरित झाला, आदेशाची प्रत द्यावी" असं लिहा. कागद मागितला की कागद मिळतो.

गोंदियाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झालं आणि त्याच्या कायम इमारतीचं भूमिपूजन फेब्रुवारी २०२४ मध्ये झालं. मधल्या प्रत्येक वर्षी एक अर्थसंकल्प आला, पुरवणी मागण्या आल्या, मतदान झालं. कितीतरी वेळा त्या ओळीवर बोट ठेवून विचारता आलं असतं. पुढच्या अर्थसंकल्पाआधी प्रत्येक तालुक्यातून दहा जणांनी जरी हे पाच प्रश्न आपापल्या आमदाराला लेखी दिले, तरी सभागृहात गोंदियाच्या ओळीवर कोणीतरी उभं राहून बोलेल. प्रश्न लिहिताना अडचण आली तर आम्हाला कळवा. अर्जाचा मसुदा करायला आम्ही मदत करू आणि आलेली उत्तरं इथेच छापू.